गॅरेजच्या दाराचा ओपनर त्रास देतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण खाली चार-पाच ठिकाणी तीच परत येणार आहे. गॅरेजचं दार ओपनर, म्हणजे बटणाने दार उघड-बंद करणारं मशीन, उचलत नाही, ते उचलते स्प्रिंग. दोन गाड्यांचं साधं स्टीलचं दार साठ-सत्तर किलोच्या पुढेच असतं आणि वर लटकवलेली ती अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर फक्त त्याला ढकलायचं-ओढायचं काम करते, सगळं वजन स्प्रिंगने तोललेलं असतं. त्यामुळे "ओपनर गेला" म्हणून नवीन मशीन आणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं मशीन ठणठणीत असतं, दारच बिघडलेलं असतं.

प्र. मग बिघाड ओपनरमध्ये आहे की दारात, हे ओळखायचं कसं?

दार पूर्ण बंद करा, ओपनरचा प्लग काढा आणि ट्रॉलीला (चेन किंवा बेल्टने पट्टीवरून सरकणारा, दाराला जोडलेला तुकडा) लटकणारी लाल दोरी ओढा म्हणजे दार मशीनपासून सुटं होतं. आता हाताने उचला. चांगलं दार एका हाताने वर जातं, कुठे अडकत नाही, आणि कमरेएवढ्या उंचीवर आणून सोडलं तर तिथेच थांबतं, फार तर इंच-दोन इंच इकडे तिकडे सरकेल. धप्पकन खाली यायला लागलं तर स्प्रिंग ढिली पडलीये, आपोआप वर पळालं तर स्प्रिंग जास्त ताणलेली आहे, मध्येच खरखरून अडलं तर रोलर नाहीतर ट्रॅक बघा. दार हाताने मस्त चालतंय आणि मशीन लावल्यावरच गडबड होते, असं असेल तरच ओपनरचं झाकण उघडायला घ्या.

प्र. लाल दोरी कधीही ओढली तर चालते का?

नाही! दार उघडं असताना शक्यतो ओढूच नका. स्प्रिंग तुटलेली असेल तर त्या क्षणी दार फक्त मशीनच्याच आधाराने वर थांबलेलं असतं, दोरी ओढली की सगळं वजन एकदम खाली येतं, आणि खाली कोण उभं असतं तर दोरी ओढणारा. उघड्या दारात अडकलाच असाल तर आधी स्प्रिंग बघा. दाराच्या वर आडव्या दांड्यावर गुंडाळलेली स्प्रिंग तुटलेली असली तर वेटोळ्यांमध्ये दोनेक इंचाची सरळ फट दिसते, ओळखायला अजिबात अवघड नाही. फट दिसली तर हात लावू नका, मेकॅनिक बोलवा.

प्र. बटण दाबलं तरी काहीच होत नाही, आवाज नाही की दिवा नाही

वीज येतेय का बघा. बावळट उत्तर वाटेल पण छतातल्या त्या सॉकेटकडे कोणी बघत नाही, आणि बऱ्याच घरांत ते सॉकेट गळती ओळखून ट्रिप होणाऱ्या स्विचवर असतं जो कोपऱ्यातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी बोर्डावर बसवलेला असतो. त्या सॉकेटला टेबललॅम्प लावून बघा. लॅम्प लागला पण ओपनर मेलेलाच, तर आतला फ्यूज, ट्रान्सफॉर्मर किंवा सर्किट बोर्ड. विजा कडाडून गेल्यावर हे झालं असेल तर जवळजवळ नक्की बोर्डच, आणि म्हणूनच तिथे सर्ज प्रोटेक्टर लावायला सांगतात.

दिवा लागतोय, रिमोटने दार चालतंय, फक्त भिंतीवरचं बटण चालत नाही? मग ओपनरच्या मागे जिथे बटणाच्या दोन वायरी येतात ते दोन टर्मिनल वायरच्या छोट्या तुकड्याने क्षणभर एकमेकांना जोडा. कमी व्होल्टेज असतं, शॉक बसत नाही, फक्त घरच्या विजेच्या बाजूला हात नेऊ नका. दार हललं तर मशीन चांगलं आहे, बटण नाहीतर मधली वायर खराब.

प्र. बटण चालतं पण एकही रिमोट चालत नाही

सगळे रिमोट एकाच दिवशी बंद पडले म्हणजे बहुतेक वेळा भिंतीवरच्या पॅनलचं लॉक बटण कोणीतरी दाबून ठेवलंय. बाहेरगावी जाताना रिमोट बंद ठेवायला ते बटण दिलेलं असतं. काही सेकंद दाबून धरा, सुटेल. लोक यासाठी मेकॅनिक बोलावतात आणि तो येऊन एक बटण दाबून जातो.

एकच रिमोट बंद असेल तर सेल बदला (बहुतेकांत सीआर२०३२ चपटा सेल, जुन्यांत १२ व्होल्टचा छोटा गोल ए२३) आणि तरी चालला नाही तर परत जोडा. ओपनरच्या डब्यावर नवा रिमोट ओळखवायचं लर्न बटण असतं, ते एकदा दाबून सोडा, बाजूचा दिवा लागला की साधारण ३० सेकंदांच्या आत रिमोटचं बटण दाबा, वरचा दिवा लुकलुकला की झालं. लर्न बटण पाच-सहा सेकंद दाबून धरू नका, कारण तसं केलं की बऱ्याच मॉडेलमध्ये सगळे जुने रिमोट पुसले जातात. रिमोट हरवला किंवा गाडीसकट चोरीला गेला तर मात्र मुद्दाम हेच करायचं.

नवीन रिमोट विकत घेताना लर्न बटणाचा रंग बघून घ्या. लिफ्टमास्टर आणि चेंबरलेन या कंपन्यांच्या मशीनमध्ये तो रंगच सांगतो की कुठला रिमोट चालेल: पिवळा, जांभळा, लाल-नारिंगी, हिरवा, प्रत्येकाची पद्धत वेगळी. मशीनचा फोटो काढून दुकानात जा, नाहीतर दोन फेऱ्या पक्क्या.

प्र. पूर्वी रस्त्यावरून रिमोट चालायचा, आता दाराला नाक लावावं लागतं

ओपनरमध्ये एलईडी बल्ब लावलाय का? तोच असतो, दहापैकी सात वेळा, माझा अंदाज. स्वस्त एलईडीच्या आतलं सर्किट रेडिओ गोंगाट करतं आणि ओपनर ऐकतो ३०० ते ३९० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे अँटेनापासून वीतभर अंतरावर तुम्ही गोंगाट बसवलाय. बल्ब काढून रिमोट दाबून बघा, रेंज परत आली तर गॅरेज ओपनरसाठी म्हणून मिळणारा बल्ब घ्या. मशीनमधून खाली लोंबणारी बारीक वायर हीच अँटेना असते, ती सरळ लोंबत राहू द्या, नीटनेटकं दिसावं म्हणून गुंडाळून वर खोचू नका.

बाहेरचाही गोंगाट असतो हं. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकेत काही लष्करी तळांच्या आजूबाजूच्या घरांचे रिमोट अचानक बंद पडले, कारण लष्कराची नवी रेडिओ यंत्रणा ३८० ते ३९९.९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होती आणि लाखो ओपनर ३९० वर बसलेले. लष्कराचा त्या पट्ट्यावर हक्क आधीपासूनचाच होता त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती, रिमोट आणि रिसीव्हर बदलणे एवढाच उपाय. आता नवीन मशीन एकापेक्षा जास्त फ्रिक्वेन्सीवर ऐकतात, त्यामागे असली प्रकरणंही आहेत.

प्र. दार उघडतं पण बंद होत नाही, थोडंसं हलून परत वर जातं आणि दिवा लुकलुकतो

सेन्सर. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून जास्तीत जास्त १५ सेंटीमीटरवर दोन छोट्या डब्या असतात, एक अदृश्य किरण पाठवते आणि दुसरी पकडते. मध्ये काही आलं की दार खाली येत नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती ओपनरना अडथळा ओळखणारी अशी दुसरी सोय सक्तीची झाली, कारण त्याआधी दाराखाली सापडून लहान मुलं दगावली होती, त्यामुळे आता हे जवळपास सगळीकडे असतंच. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टरमध्ये सेन्सरची तक्रार असेल तर वरचा दिवा सहसा दहा वेळा लुकलुकतो.

गुडघ्यावर बसा आणि दोन्ही डब्यांवरचे बारीक दिवे बघा. दोन्ही स्थिर लागलेले हवेत. एखादा मिणमिणत असेल किंवा विझलेला असेल तर आधी काच सुक्या मऊ कापडाने पुसा, कोळ्याची जाळी बघा, पुढे ठेवलेला झाडू नाहीतर खराट्याची काडी बघा (हसू नका, अशी एक काडी अख्खं दार अडवते). मग फिरकीचा नट सैल करून ती डबी हळूहळू फिरवा, दिवा स्थिर झाला की तिथेच धरून नट आवळा. आवळताना डबी परत हलते, म्हणून एका हाताने डबी घट्ट धरायची. दोन्ही खांबांना सुतळी ताणून उंची सारखी आहे का तेही बघून घ्या, मुलांचा फुटबॉल लागून पट्टी वाकलेली असते आणि ते कुणाला माहीतच नसतं.

हे करूनही दिवा लागत नसेल तर वायर. खिळपट्टीने भिंतीला ठोकलेल्या वायरीत कुठेतरी पट्टी आत घुसलेली असते, नाहीतर उंदराने कुरतडलेली. खात्री करायची तर दोन्ही सेन्सर काढून मशीनजवळ आणा, फूटभर नव्या वायरीने थेट टर्मिनलला जोडा आणि एकमेकांसमोर धरा. दिवे लागले म्हणजे सेन्सर बरे, भिंतीतली वायर बदला.

आणि रोज ठराविक वेळीच त्रास होत असेल, म्हणजे सकाळी चालतं पण संध्याकाळी नाही, तर पकडणाऱ्या डबीवर थेट ऊन पडतंय. दोन्ही डब्यांच्या जागा आपापसात बदला म्हणजे पकडणारी डबी सावलीत जाईल, नाहीतर तिच्याभोवती पुठ्ठ्याची छोटी नळी बसवा.

प्र. सेन्सर काढून दोन्ही एकमेकांसमोर चिकटवून छताला बांधले तर चालेल का?

चालेल म्हणजे दार चालेल, पण करू नका. खाली मांजर, मूल, तुमचा स्वतःचा पाय, कोणी असलं तरी दार येणार. आजच्या रात्रीपुरतं दार बंद करायचंय तर भिंतीवरचं बटण दार पूर्ण खाली येईपर्यंत दाबून धरा, बहुतेक मशीन तेवढ्यापुरतं सेन्सरकडे दुर्लक्ष करतात आणि तुम्ही समोर उभे असता.

प्र. दार जमिनीला टेकतं आणि लगेच परत वर जातं, हेही सेन्सरच का?

नाही, हे लिमिटचं. दार कुठे थांबवायचं हे मशीनला लिमिट सांगतं, खालचं लिमिट जास्त खाली सेट झालं असेल तर मशीनला जमीन हाच अडथळा वाटतो आणि ते माघार घेतं. जुन्या मशीनमध्ये बाजूला किंवा मागे दोन स्क्रू असतात, खालच्या लिमिटचा थोडा थोडा फिरवायचा आणि दर वेळी चालवून बघायचं. नव्यात बटणांनी होतं, पुस्तिकेत दिलेलं असतं.

मध्येच, हवेत, थांबून परत जात असेल तर घर्षण. रोलर झिजलाय, ट्रॅक वाकलाय, थंडीत ग्रीस घट्ट झालंय. इथे लोक हमखास फोर्सचा स्क्रू वाढवतात आणि "झालं काम" म्हणतात. फोर्स वाढवणं म्हणजे दाराला सांगणं की खाली काही सापडलं तरी जास्त जोर लाव! आधी वरची हाताने उचलायची चाचणी करा, दार मोकळं करा, आणि मग गरज असलीच तर जरासाच वाढवा.

प्र. मोटर गुणगुणते पण फिरत नाही

दाराचं हाताचं कुलूप किंवा कडी लागलेली नाही ना? नाही? मग दार सुटं करून बटण दाबा. सुटं केल्यावर मोटर फिरली तर दार जड झालंय, स्प्रिंग बघा. तरीही नुसतं गुणगुणणं, तर कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा डबा. वरून फुगलेला किंवा तेल गळालेला असला तर दिसतोच. तसाच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा आणायचा. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, डिस्चार्ज कसा करायचा हे नीट माहीत नसेल तर हे काम वाईंडिंगवाल्याला द्या.

मोटर बराच वेळ लागोपाठ चालवल्यावर गप्प झाली असेल तर ती तापून स्वतःच बंद पडलीये. अर्धा तास सोडून द्या, चालू होते.

प्र. मोटर जोरात फिरते, आवाजही येतो, दार मात्र जागचं हलत नाही

चेन हलतेय का? हलत असेल तर ट्रॉली सुटलेली आहे, कोणीतरी लाल दोरी ओढलीये. दार बंद ठेवा, दोरी मोटरच्या दिशेने तिरकी ओढून सोडा आणि मशीन एकदा चालवा, खट्कन आवाज होऊन जोडली जाते.

चेन हलत नसेल तर आतला प्लॅस्टिकचा गिअर खाल्ला गेलाय. चेनवाल्या मशीनमधला हा सगळ्यात ठरलेला बिघाड आहे आणि खरं सांगायचं तर घरी करण्यासारखं सगळ्यात समाधान देणारं काम पण हेच. झाकण काढलं की आतमध्ये पांढरा चुरा सांडलेला दिसतो, किसलेल्या खोबऱ्यासारखा, आणि मधल्या गिअरचे दात एका पट्ट्यात साफ गुळगुळीत झालेले. गिअर मुद्दाम नरम ठेवलेला असतो म्हणजे जड पडलं तर तो जाईल, मोटर जाणार नाही.

तुमच्या मॉडेलचा गिअर किट आणा, त्यात गिअर, वर्म (गिअरला फिरवणारा स्क्रूसारखा दांडा) आणि ग्रीसची पुडी असते. दार बंद, प्लग काढलेला, ट्रॉली सुटी. चेनचा नट सैल करून चेन वरच्या दातेरी चाकावरून उतरवा, पण उतरवायच्या आधी फोटो काढा आणि चेन पट्टीवर कुठे होती तिथे टेपची खूण करा. मग झाकण आणि बल्ब काढा, दातेरी चाकाच्या बैठकीचे स्क्रू काढले की चाक, दांडा आणि खालचा गिअर असा सगळा संच वर उचलला जातो. जुना चुरा आणि काळं ग्रीस कापडाने पूर्ण पुसा, एकही दाताचा तुकडा आत राहू देऊ नका. वर्मपण बदला, जुना वर्म नव्या गिअरला लवकर खातो. नवा संच बसवताना हाताने थोडा फिरवून दात नीट बसले का बघा, मग स्क्रू, मग पुडीतलं सगळं ग्रीस दातांवर. चेन चढवा, ताण द्या, लिमिट परत सेट करा, कारण ती जवळजवळ नक्की हललेली असतात.

आणि गिअर का गेला हे बघितल्याशिवाय झाकण लावू नका. पंधरा वर्षांनी गेला तर त्याचं आयुष्य झालं. तीन वर्षांत गेला तर दार जड आहे किंवा चेन जास्त ताणलीये, नवा गिअरही तसाच जाणार.

प्र. दार रात्री आपोआप उघडतं! भूत आहे की शेजारी?

शेजारी असू शकतो, खरंच. जुन्या मशीनमध्ये रिमोटचा कोड छोट्या छोट्या स्विचने ठरवायचे, १२ स्विच असले तरी एकूण ४०९६ च जोड्या, त्यात बऱ्याच लोकांनी कंपनीतून आलेली तशीच ठेवलेली. कोड बदला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दर वेळी बदलणारा कोड आला, त्या मशीनमध्ये हा प्रश्न नाही. तिथे बघायचं ते म्हणजे गाडीच्या खणात दाबून राहिलेला रिमोट, भिंतीवरचं अडकलेलं बटण किंवा सोललेली वायर. मशीनवरून बटणाच्या वायरी काढून रात्रभर ठेवा. तरी उघडलं तर रिमोटचे सेल काढून पुढची रात्र बघा. तरीही उघडलं तर बोर्ड.

प्र. स्प्रिंग मी स्वतः बदलू का? व्हिडिओत तर सोपं दिसतं

नका बदलू. त्या स्प्रिंगमध्ये अख्खं दार उचलायची ताकद गुंडाळून ठेवलेली असते, ताण द्यायच्या खास सळईऐवजी स्क्रूड्रायव्हर घातला आणि तो सटकला की हात-तोंड काहीही जाऊ शकतं. दाराच्या खालच्या कोपऱ्यातल्या ज्या पट्टीला केबल जोडलेली असते तिचेही स्क्रू सोडवू नका, तीही ताणाखाली असते. साधी स्प्रिंग साधारण १०,००० वेळा उघड-बंद होण्यासाठी बनवलेली असते, दिवसाला चार वेळा धरलं तर सातेक वर्षं. दोन असतील आणि एक तुटली तर दोन्ही बदलून घ्या, दुसरी पण तेवढीच चाललेली आहे. ट्रॅकच्या बाजूने आडव्या ताणल्या जाणाऱ्या लांब स्प्रिंगा असतील तर त्यांच्या आतून सुरक्षेची केबल ओवलेली आहे ना ते आजच बघा.

प्र. तेल कुठे घालायचं? खूप कर्कश आवाज येतो

बिजागऱ्या, स्टीलच्या रोलरचे बेअरिंग, स्प्रिंगचे वेटोळे. सिलिकॉन स्प्रे किंवा गॅरेजच्या दारासाठी मिळणारा स्प्रे. ट्रॅकला तेल नको, फक्त पुसा, रोलर तिथे फिरायला हवा, घसरायला नको, आणि तेलावर धूळ बसून चिखल होतो. साधा डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला चांगला, वंगण म्हणून टिकत नाही. चेनऐवजी बेल्ट असेल तर बेल्टला काही लावू नका.

चेन पट्टीवर आपटत असेल तर सैल आहे, पण अगदी ताठ करू नका, मध्यभागी थोडी झुकलेलीच हवी. नेमकं किती ते तुमच्या पुस्तिकेत असतं.

प्र. वीज गेल्यावर काय?

दार बंद असेल तर लाल दोरी ओढून हाताने उघडा. गॅरेजला दुसरं दारच नसेल तर बाहेरून किल्लीने सुटं करायची सोय बसवून घ्या, आत्ताच, गरज पडायच्या आधी. नवं मशीन घेणार असाल तर बॅटरीवालं बघा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून नव्याने बसवलेल्या घरगुती ओपनरना बॅटरी सक्तीची आहे. २०१७ च्या वणव्यात वीज गेली आणि काही माणसांना दार उघडून बाहेर पडता आलं नाही, त्यानंतरचा तो कायदा.

प्र. सुरक्षा नीट चालतेय का हे कधी आणि कसं तपासायचं?

महिन्यातून एकदा. दाराखाली मधोमध चारेक सेंटीमीटर जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा आणि दार बंद करा, फळीला लागताच दार परत वर गेलं पाहिजे. मग दार खाली येत असताना सेन्सरसमोर झाडू फिरवा, तेव्हाही गेलं पाहिजे. दोन्हीपैकी एक जरी चुकलं तरी दुरुस्त होईपर्यंत दार हाताने वापरा.

प्र. दुरुस्त करू की नवीन घेऊ?

गिअर, कपॅसिटर, सेन्सर, रिमोट गेला तर दुरुस्त करा. बोर्ड गेला आणि मशीन जुनं झालंय तर नवीन घ्या, एका बोर्डाच्या पैशात नव्याचा बराचसा भाग येतो. सेन्सरच नसलेलं मशीन असेल तर चालत असलं तरी बदला, यावर माझ्याशी वाद घालू नका. पण नवीन लावायच्या आधी दार तोलून घ्या, जड दारावर नवीन मशीन लावलं तर तेही मरणारच.

प्र. मेकॅनिकला फोनवर काय सांगायचं?

"ओपनर चालत नाही" एवढंच सांगू नका. मशीनच्या डब्यावरचा मॉडेल नंबर, लर्न बटणाचा रंग, दिवा किती वेळा लुकलुकतो, सुटं केलेलं दार हाताने उचललं जातं की नाही, स्प्रिंगमध्ये फट दिसते का, आणि दाराची रुंदी-उंची. स्प्रिंग असेल तर तिच्यावर रंगाचा ठिपका कुठला आहे तोही सांगा, पण त्यासाठी शिडी लावून हात लावायला जाऊ नका, खालून मोबाईलने झूम करून फोटो काढा आणि पाठवा.